पऱ्हाटीचा चिमटा आणि संगणकाची चिप

वाचकाचे पत्र

महोदय,
दर्यापूर तालुक्यातील एका गावात अनुदानित माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. शाळेच्या भांडारखोलीत, नकाशांच्या गुंडाळ्यांमागे, ‘बीबीसी मायक्रो’ नावाचा जुना संगणक सापडला. चालू केल्यावर त्यातून एकच सूर सलग वाजत राहतो आणि टीव्हीवर काहीही उमटत नाही. गावातील मोबाइल दुरुस्त करणारा मुलगा म्हणाला की, आतील आयसी, म्हणजे चिपा, काढून पुन्हा बसवल्या तर बहुधा चालेल. त्याने पकडीने २८ पिनांची एक चिप उपटली. तिच्या दोन पिना वाकल्या आणि वरचे कागदी लेबल अर्धे निघाले, म्हणून मी काम थांबवले. ती चिप सध्या थर्माकोलच्या तुकड्यात खोचून ठेवली आहे. चिपा सुरक्षितपणे कशा काढाव्यात? त्यासाठी मिळणारा खास चिमटा मागवावा का? अंगातील विजेने चिप जळते, हे खरे आहे का? उन्हाळी सुट्टीत हे काम पूर्ण करण्याचा विचार आहे.
— एक शिक्षिका, जि. अमरावती

उत्तर

आदरणीय मॅडम,

त्या मुलाचे निदान बरोबर होते, हत्यार तेवढे चुकले. मात्र तुमच्या पत्रातील थर्माकोलचे वाक्य वाचले आणि बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून आधी त्याविषयीच लिहावे असे वाटले. ती चिप आजच थर्माकोलमधून बाहेर काढा. थर्माकोल नुसता हाताळला तरी त्यावर स्थिर वीज साठते, आणि चिपेसाठी त्याहून वाईट आसन शोधून सापडणार नाही. हात धुऊन पूर्ण कोरडे करा, लोखंडी कपाटाच्या रंग नसलेल्या कडीला क्षणभर हात लावा, मग चिप दोन्ही टोकांना धरून, पिनांना बोट न लावता काढा आणि पोळ्या गुंडाळण्याच्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या घडीवर अशी ठेवा की तिच्या सर्व पिना फॉइलला टेकतील. सर्व पिना एकाच धातूला टेकलेल्या असल्या की त्यांच्यात आपसात व्होल्टेजचा फरक राहत नाही, आणि चिपेला इजा होते ती या फरकामुळेच.

दुसरी गोष्ट त्या अर्ध्या निघालेल्या लेबलाची. लेबलाखाली काचेची लहान गोल खिडकी दिसत असेल, तर ती चिप ईप्रॉम आहे, म्हणजे अतिनील प्रकाशाने पुसता येणारी स्मृती. तिच्यातील मजकूर पुसण्यासाठी खास दिवा असतो, परंतु साधे ऊनही तेच काम हळूहळू करते. थेट उन्हात ठेवलेली ईप्रॉम सुमारे आठवडाभरात आणि ट्यूबलाइटच्या उजेडात उघडी राहिलेली साधारण तीन वर्षांत कोरी होऊ शकते, असे तिच्या निर्मात्यांनीच माहितीपत्रकात छापलेले असे. आपल्याकडचे वैशाखातले ऊन लक्षात घेता, ओल लागलेला बोर्ड ‘जरा उन्हात वाळवू’ म्हणून अंगणात मांडण्याचा मोह कोणालाही होईल. तो मोह टाळा आणि खिडकीवर काळी चिकटपट्टी आजच लावा.

आता त्या सलग वाजणाऱ्या सुराकडे वळू. बीबीसी मायक्रो हा केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१ च्या अखेरीस आणलेला संगणक. आपल्याकडे १९८४-८५ पासून केंद्र शासनाच्या ‘क्लास’ या शालेय संगणक-साक्षरता प्रकल्पातून तो शाळांत आला, आणि पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने त्याचीच ‘युनिकॉर्न’ या नावाची भारतीय आवृत्तीही काढली. तुमच्या शाळेतला नग यापैकी कोणताही असला तरी आतली रचना तीच आहे. या यंत्रातील आवाजाची चिप वीज मिळताच स्वतःच्या लहरीने वाजू लागते. प्रोसेसर जागा झाला की सुरुवातीच्या कामांतच तो तिला गप्प करतो, म्हणून धडधाकट यंत्रात क्षणभर एक खालचा सूर आणि त्यानंतर एक वरचा ‘बीप’ एवढेच ऐकू येते. तुमच्याकडे पहिला सूर थांबतच नाही, याचा अर्थ त्याला थांबवणारा अजून उठलेला नाही. वीजपुरवठा निदान काही प्रमाणात सुरू आहे आणि आवाजाची चिप जिवंत आहे, ही शुभवार्ताही त्याच सुरातून कळते. संशय घ्यायचा तो मुख्यतः दोन चिपांवर: बोर्डावर ‘आयसी १’ असे छापलेल्या जागेवरील ४० पिनांचा ६५०२ प्रोसेसर, आणि ‘आयसी ५१’ या जागेवरील २८ पिनांची चिप, जिच्यात यंत्राची मूळ आज्ञाप्रणाली असते. मुलाने उपटलेली चिप नेमकी कोणत्या क्रमांकाच्या जागेवरची, हे तुमच्या पत्रात नाही. रिकाम्या सॉकेटशेजारचा छापील क्रमांक आधी वहीत लिहून ठेवा, कारण शेवटी त्याची गरज पडणार आहे.

चिप आणि सॉकेट दोन्ही चांगली असूनही त्यांच्यातला संबंध का तुटतो, हे समजले की पुढची सगळी सावधगिरी आपोआप पटते. सॉकेट, ज्याला बाजारात आयसी बेस म्हणतात, त्याच्या प्रत्येक भोकात एक बारीक धातूची पट्टी असते आणि तिच्या ताणामुळे पिना धरून ठेवलेल्या असतात. आपल्या भागात पत्र्याखालची खोली मे महिन्यात ४५ अंशांच्याही वर जाते आणि डिसेंबरच्या पहाटे १० अंशांच्या आसपास येते. या चढउतारात प्लास्टिक, धातू आणि बोर्ड हे तिन्ही वेगवेगळ्या मापाने फुगतात-आकसतात, आणि वर्षानुवर्षांच्या या हालचालीत चिप केसभर, केसभर वर सरकत राहते. त्यातच त्या काळच्या कित्येक चिपांच्या पिनांवर चांदीचा मुलामा असे. पेटीत ठेवलेले पैंजण जसे काळे पडतात, तशाच या पिनाही काळ्या पडतात, आणि कारणही तेच असते, हवेतील गंधकाचे. हा काळा थर वीज नीट जाऊ देत नाही. म्हणजे दोष चिपेच्या पोटात नसून तिच्या पायाशी असतो, आणि पिन पट्टीवर नुसती घासली गेली तरी थर खरवडून निघून संबंध पुन्हा जुळतो.

म्हणूनच माझा सल्ला असा आहे की, पहिल्या खेपेला एकही चिप पूर्ण काढू नये. ती सुमारे २ मिलिमीटर वर उचलावी आणि तशीच सरळ खाली दाबावी, आणि असे दोनदा करावे. तुम्ही वर्णन केलेल्या दोषात बऱ्याचदा एवढ्यानेच काम होते. पिना भोकाबाहेर येतच नसल्याने त्या वाकण्याचा, चिप उलटी बसण्याचा किंवा एक घर सरकून बसण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

चिमट्याविषयी माझे मत जरा कडू आहे, आणि ते अनुभवाने झालेले आहे. इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचा, टोके आत वळलेला पत्र्याचा जो स्वस्त चिमटा मिळतो, तो पाहून आपल्याकडच्या माणसाला पऱ्हाटी, म्हणजे कापसाचे वाळलेले झाड, उपटायचा चिमटा आठवतो, आणि दोघांचे काम खरोखर एकाच पद्धतीचे आहे. पऱ्हाटीचा चिमटा बुंध्याला धरून हिसका देतो, आणि मुळासकट झाड वर यावे हाच त्याचा हेतू असतो. बोर्डावर मूळ म्हणजे बेस. मी दुरुस्तीच्या कामात नवा होतो तेव्हा एका शिक्षणसंस्थेचा असाच संगणक माझ्याकडे आला होता. चिमट्याची टोके चिपेखाली गेली आहेत असे मला वाटले, प्रत्यक्षात ती बेसच्याही खाली गेली होती. मी जोर लावला, सुपारी फुटावी तसा आवाज झाला आणि चिप हातात आली, तिच्याबरोबर बेस आला, आणि बेसबरोबर बोर्डावरच्या तांब्याच्या दोन रेषा सोलून आल्या. चिपेला काहीही झाले नव्हते. त्या दोन रेषा बारीक तारेने जोडायला मला दोन दिवस लागले, आणि संस्थेकडून पैसे मागण्याचे धाडस काही झाले नाही. टोके नेमकी चिपेखाली गेली तरी या चिमट्यात दुसरा दोष उरतोच. ओढताना एक टोक आधी सुटते, चिप तिरपी होते आणि अजून अडकलेल्या टोकाच्या पिना वाकतात. तेव्हा तो मागवू नका.

लागेल तो एक पातळ, चपटा, साधारण ३ मिलिमीटर रुंदीचा स्क्रू ड्रायव्हर. घरातला टेस्टरही चालतो, मात्र त्याचे पाते पातळ असावे आणि कडा बोचऱ्या नसाव्यात. याहून चांगली वस्तू तुमच्या शाळेच्या संगणककक्षात पडलेली असण्याची शक्यता आहे. मोडीत काढलेल्या डेस्कटॉप संगणकाच्या मागच्या रिकाम्या फटी झाकणारी जी लांबट पत्र्याची पट्टी असते, तिचे एक टोक काटकोनात वळलेले असते. जुने कारागीर तिचाच उपयोग चिप उचलण्यासाठी करत आले आहेत.

हत्यार हातात घेण्यापूर्वी विजेचे पाहू. परदेशी पुस्तकांत कधी कधी असे सांगितलेले असते की, यंत्राचा प्लग भिंतीत राहू द्यावा आणि केवळ बटण बंद करावे, म्हणजे यंत्राला अर्थ मिळत राहतो. आपल्या खेड्यांतील वायरिंग पाहता हा सल्ला मी कोणालाही देणार नाही. कित्येक घरांत आणि शाळांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले आढळते, त्यामुळे बटण बंद असतानाही फेज यंत्रापर्यंत पोहोचलेली असते. तिसऱ्या पिनेची अर्थ वायर तर अनेक ठिकाणी पाटीमागे नुसतीच लोंबकळत असते. म्हणून प्लग भिंतीतून पूर्ण काढा, केबल नजरेसमोर टेबलावर ठेवा, आणि त्यानंतर पंधरा-वीस मिनिटे यंत्राला हात लावू नका. बीबीसी मायक्रोचा पॉवर सप्लाय यंत्राच्या आतच, डाव्या बाजूला, बंद धातूच्या डब्यात असतो. २३० व्होल्टचा प्रवाह एकदिश झाला की त्यातील मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. तो डबा तुम्ही उघडायचा नाही.

मात्र त्याच डब्यात मेन्सच्या, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या विजेच्या, वाटेवर, पिवळसर पारदर्शक कवचाचे कागदी कपॅसिटर असतात. इतक्या वर्षांनी त्यांच्या कवचाला चिरा पडतात, आत दमटपणा शिरतो, आणि एखाद्या दिवशी यंत्र चालू असतानाच ते फुटून खोलीभर उग्र, जळकट धूर होतो. रात्री शेतीपंप बंद झाल्यावर आपल्याकडे व्होल्टेज २५० च्या वर चढते हे तुम्हाला माहीत आहेच, आणि ते या म्हाताऱ्या कपॅसिटरांना मुळीच मानवत नाही. तालुक्याच्या जुन्या टीव्ही मेकॅनिककडून ते एक्स-२ प्रकारचे, २७५ व्होल्टचे नवे घालून घ्या. तोवर यंत्र तपासण्यापुरतेच, मिनिटभर चालू करावे आणि तेवढा वेळही समोरून हलू नये.

अंगातील विजेने चिप जळते का, तर होय, जळते. हिवाळा संपता संपता आणि कोरड्या उन्हाळ्यात टेरिकॉटचा सदरा किंवा नायलॉनची साडी काढताना जो चटचट आवाज येतो, तीच ही वीज. बोटाला चटका जाणवतो तेव्हा ती साधारण ३००० व्होल्टच्या पुढे गेलेली असते. काहीशे व्होल्टचा फटका आपल्याला कळतही नाही, पण चिपेच्या आतील अतिशय पातळ थराला भोक पाडायला तो पुरेसा होतो. त्यातही फसवी बाब अशी की, चिप लगेच मरेलच असे नाही. ती अर्धमेली होऊन महिनाभर चालते आणि मग बंद पडते, त्यामुळे दोष आपल्या हाताचा होता हे आपल्या ध्यानातही येत नाही. या एका बाबतीत आपला पावसाळा बरा, कारण दमट हवेत ही वीज अंगावर टिकत नाही. तुम्हाला उन्हाळ्यातच काम करायचे आहे, तर ते सकाळी सहा-सातला करा. त्या वेळी हवेत थोडा ओलावा असतो आणि हाताला घामही नसतो. घामातील मीठ पिनांवर राहिले तर वर्षा-दोन वर्षांत तिथे गंज दिसतो. सुती कपडे घाला, चप्पल काढा. खोली शेणाने सारवलेली किंवा साध्या फरशीची असेल तर अनवाणी पायांतून वीज आपोआप निघून जाते. प्लास्टिकची चटई आणि प्लास्टिकची खुर्ची मात्र बाजूला सारा. कूलर सुरू असल्यास हरकत नाही, फक्त त्याचे तुषार टेबलापर्यंत येऊ नयेत.

मनगटी पट्टा मिळाला तर अवश्य घ्या. चांगल्या पट्ट्यात १ मेगओहमचा रेझिस्टर असतो, आणि चुकून कुठे मेन्स लागलाच तरी तो अंगातून जाणारा प्रवाह रोखून धरतो. पट्ट्याचा चिमटा भिंतीच्या अर्थला नव्हे, तर प्लग काढलेल्या यंत्रातील पॉवर सप्लायच्या धातूच्या डब्याला लावा. तुम्ही, बोर्ड आणि चिप हे तिन्ही एकाच पातळीवर असणे एवढेच हवे असते, जमिनीपर्यंत जाण्याची गरज नसते. पट्टा नसेल तर डावे मनगट त्या डब्याला टेकवून काम करावे. आणि चिप एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देताना, म्हणजे विद्यार्थी किंवा शिपाईकाका मदतीला असतील तेव्हा, आधी हाताला हात लावावा आणि मग चिप द्यावी.

यंत्र उघडणे सोपे आहे. पाठीमागे दोन आणि तळाशी दोन स्क्रू असतात, त्यांच्याजवळ ‘फिक्स’ अशी अक्षरे छापलेली दिसतील. ते काढले की वरचे झाकण निघते, आणि कीबोर्ड धरून ठेवणारे बोल्ट सोडवले की तो उचलता येतो. त्याची चपटी केबल ओढायची नाही, तिच्या टोकाचा प्लग धरून सरळ वर काढायचा. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढा, आणि चिपांचे फोटो तर इतक्या जवळून काढा की त्यांच्या एका टोकाची अर्धगोल खाच आणि वरचे आकडे स्पष्ट वाचता येतील. तुमच्या भांडारखोलीचे वर्णन वाचून आत कापसाची तूस, पालीची अंडी आणि कुंभारमाशीचे मातीचे घर यांपैकी काहीतरी नक्की असेल असे वाटते. ते कोरड्या मऊ ब्रशने काढावे. तोंडाने फुंकू नये, फुंकरीबरोबर थुंकीचे तुषार जातात.

आता प्रत्यक्ष उचलणे. बोर्ड सपाट आधारावर आहे याची खात्री करा. चिपेच्या आखूड बाजूने, म्हणजे जिथे पिना नसतात तिथून, पाते चिपेचे पोट आणि बेसचे प्लास्टिक यांच्यामधल्या फटीत घाला. इथे घाई करू नका. टॉर्च आडवा धरून पाहा, कारण फटी दोन दिसतात: वरची चिप आणि बेसमधली, खालची बेस आणि बोर्डमधली. पाते वरच्याच फटीत हवे. काही बेस मधून पोकळ असतात, अशा वेळी पाते फार आत गेले तर ते बोर्डावरच्या रेषांवर टेकते किंवा मध्येच बसवलेल्या लहान कपॅसिटरला लागते, म्हणून ४-५ मिलिमीटरपेक्षा आत जाऊ देऊ नका. आता पाते पहारीसारखे खाली दाबायचे नाही. कुलपात किल्ली फिरवावी तसे, अगदी थोडे, पिळायचे. चिपेचे ते टोक अर्धा मिलिमीटर उचलले की थांबा, पाते काढा आणि दुसऱ्या टोकाला तेवढेच करा. मग पुन्हा पहिले टोक. ४० पिनांच्या प्रोसेसरला अशा पाच-सहा फेऱ्या लागतात. अनेक वर्षे न हललेली चिप पहिल्यांदा सुटताना ‘कट्’ असा आवाज येतो, त्याला घाबरू नका. काळजी करायची ती एक टोक वर येऊन दुसरे जागचे हलत नसेल तेव्हा.

चिप २ मिलिमीटर वर आली की दोन्ही अंगठे तिच्या दोन टोकांवर ठेवून सारखा दाब देत खाली बसवा. आधी प्रोसेसर, मग आयसी ५१, आणि मग सॉकेटमध्ये असतील त्या बाकीच्या. एकीचे उचलणे-बसवणे पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. एक अपवाद मात्र पाळा. आयसी ६ या जागेवर चित्राचे काम करणारी, बहुधा वर उष्णता घालवणारा धातूचा तुकडा चिकटवलेली चिप असते. ती याच यंत्रासाठी मुद्दाम घडवलेली असल्याने तिच्या जागी दुसरी कुठलीही चालत नाही. टीव्हीवर यंत्राचे चित्र येऊ लागले आणि त्यात दोष दिसला, तरच तिच्याकडे वळा, आणि तेव्हाही तो धातूचा तुकडा धरून ओढू नका.

नुसत्या उचलण्याने भागले नाही, तर चिप पूर्ण काढून पिना पुसाव्या लागतात. शेवटची पकड सुटताना चिप उडी मारते, म्हणून त्या क्षणी दुसऱ्या हाताची बोटे तिच्या टोकांवर असू द्या. काळ्या पिना पाहिल्या की पितांबरी, चिंच किंवा लिंबू आठवणे साहजिक आहे, परंतु देवाच्या भांड्यांचे हे उपाय इथे घातक आहेत, कारण आम्ल आणि पूड दोन्ही मागे राहतात. झिरो नंबरचा पॉलिश पेपरही नको, मुलामाच निघून जाईल. चिप फॉइलवर ठेवून पेन्सिलचा पांढरा खोडरबर खांद्याकडून टोकाकडे, एकाच दिशेने, हलक्या हाताने फिरवावा. मग मऊ ब्रश आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पिना आणि बेसची भोके धुवावीत. मोबाइल दुरुस्तीवाले त्याला आयपीए म्हणतात आणि प्रत्येकाच्या टेबलावर त्याची बाटली असते. हात धुण्याचे सॅनिटायझर त्याऐवजी वापरू नये, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असते. आयपीए चटकन पेट घेते, तेव्हा जवळ उदबत्तीसुद्धा नसावी. भोकात सुई घालून खरवडणे टाळा, आतली पट्टी एकदा पसरली की बेसच बदलावा लागतो, आणि ४० पिनांचा बेस कथील काढून बदलणे हे काम पत्रातून शिकवण्यासारखे नाही.

मुलाने वाकवलेल्या त्या दोन पिनांना तुमच्याकडे एकच संधी आहे असे समजा. पिनेची जाडी जेमतेम पाव मिलिमीटर असते आणि जुना धातू दोन-तीनदा मागेपुढे झाला की तुटतो. सपाट टोकाच्या चिमट्याने पिन खांद्याजवळ धरा आणि एकाच संथ हालचालीत सरळ करा. थोडी तिरपी राहिली तर राहू द्या, बेसच्या भोकात ती स्वतःच रुळेल. तुटलीच तर उरलेल्या थोटकाला रेझिस्टरच्या पायाचा तुकडा जोडून देता येतो, आणि हे काम तुमचा मोबाइलवाला मुलगा बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने नक्की करू शकेल. समाधानाची बाब अशी की ती चिप बहुधा ईप्रॉम आहे. तिच्यातला मजकूर ठाऊक असेल तर तो दुसऱ्या तशाच चिपेवर उतरवता येतो, आणि अमरावती-नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील इलेक्ट्रॉनिक्स विभागांत चिप वाचणारे-लिहिणारे यंत्र असण्याची शक्यता बरीच आहे. ती तिथे नेऊन आधी आतल्या मजकुराची प्रत काढून घेतलीत तर उत्तमच.

चिप परत बसवताना तिची खाच बेसच्या खाचेवर आली पाहिजे. खाच वरच्या बाजूला धरली की डावीकडची पहिली पिन क्रमांक १, तिथून खाली उतरत जाऊन उजवीकडून वर येत मोजायचे. २८ पिनांच्या या चिपांत १४ वी पिन शून्य व्होल्टची आणि २८ वी ५ व्होल्टची असते. चिप उलटी बसली की ही दोन्ही नेमकी अदलाबदल होतात, ती काही सेकंदांत हाताला चटका बसेल इतकी तापते आणि बहुधा पुन्हा उठत नाही. दाबण्यापूर्वी प्रत्येक पिन आपापल्या भोकाच्या तोंडाशी आहे ना, हे दोन्ही बाजूंनी टॉर्चने पाहा. सर्वांत लबाड चूक म्हणजे एखादी पिन भोकात न जाता चिपेच्या पोटाखाली दुमडून बसणे. वरून सगळे अगदी नीट दिसते, फक्त बाजूने पाहिल्यावर तिथे एक पाय कमी भरतो.

एवढे करूनही सूर थांबला नाही तर प्रोसेसर बदलून पाहावा लागेल. या यंत्रात तो २ मेगाहर्ट्झने चालतो, त्यामुळे नुसता ६५०२ नको, नावात ‘ए’ असलेला ६५०२ए हवा. आज नवा तयार होणारा डब्ल्यू६५सी०२एस दिसायला तसाच आहे, परंतु त्याची १ नंबरची पिन काही बाहेर पाठवणारी आहे आणि जुन्याची तीच पिन शून्य व्होल्टला जोडलेली असते, म्हणून तो थेट खोचू नये. ऑनलाइन मागवलेल्या जुन्या चिपांत आकडे घासून नवे छापलेले नगही येतात. चिपेवर ‘८४३६’ असा चार आकडी क्रमांक असेल तर तो १९८४ सालचा ३६ वा आठवडा असतो. छपाई कालची वाटावी इतकी ताजी आणि पृष्ठभाग खरवडल्यासारखा असेल तर विक्रेत्याला परत पाठवा. आणि नव्या, कधीच न वापरलेल्या चिपेच्या पिना बाहेरच्या बाजूला जरा फाकलेल्या असतात. फॉइल अंथरलेल्या टेबलावर चिप आडवी धरून, एका बाजूच्या सगळ्या पिना एकदम टेकवून, किंचित दाबून त्या काटकोनात आणाव्या लागतात, नाहीतर त्या भोकांत उतरणारच नाहीत.

चालू करण्याआधी हत्यारे, सुटे स्क्रू आणि फॉइल सगळे बोर्डावरून बाजूला झाले आहे का ते पाहा, आणि कीबोर्डची केबल परत लावा. मग यंत्र चालू करून, मल्टिमीटर डीसीवर ठेवून, पॉवर सप्लायकडून बोर्डावर येणाऱ्या लाल आणि काळ्या वायरींच्या टोकांवर मापा. ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या दरम्यान आकडा यायला हवा. त्याहून जास्त आला तर त्याच क्षणी बंद करा, तो दोष चिपांचा नाही. आकडा बरोबर आला, सूर क्षणभर वाजून थांबला, वरचा ‘बीप’ ऐकू आला आणि पडद्यावर ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’ या ओळीखाली ‘लँग्वेज?’ एवढाच प्रश्न उमटला, तर प्रोसेसर आणि आज्ञाप्रणाली दोन्ही सुखरूप आहेत आणि यंत्राला फक्त बेसिक ही भाषा सापडत नाही. तसे झाले तर वहीत लिहून ठेवलेला तो क्रमांक काढून पाहा. माझा अंदाज असा आहे की तो ५२ असेल.

आपला,
सल्लागार